ऑल्डनची गाडी

आमच्या व्हरमाँटात ट्राउट मासा कुठे गळाला लागतो, हे सख्ख्या भावालाही कोणी सांगत नाही. म्हणून एप्रिल लागला की ऑल्डन गाडी मुद्दाम जुन्या पुलापाशी लावायचा, जिथे मासा औषधालाही नव्हता, आणि हिवाळाभर गळावर पिसं बांधून केलेल्या खोट्या माश्या घेऊन दोन मैल चालत आपल्या डोहावर जायचा. गाडी बघून हळूहळू अख्खं गाव पुलाखाली गळ टाकू लागलं. ती गर्दी बघून मासेखात्याने यंदा तिथेच टँकरभर ट्राउट सोडले.

काल त्याची बायको वैतागून म्हणाली, "अरे, आता तूही पुलाखालीच गळ टाकतोस, मग गाडी तुझ्या त्या गुप्त डोहापाशी कशाला लावतोस?"



"म्हणजे गर्दी तिकडे जाईल," ऑल्डन म्हणाला.