बांगड्यांची परात

"सर, प्रेताने कॅमेरा धरला तर चालेल का?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून विचारलंच मी! वर्गाच्या रहस्यपटात मला फक्त मरून पडायचं होतं. सरांनी दुबईतल्या भावाचा व्हिडिओ कॅमेरा खाली घेतला. "मागे समुद्र चकाकतोय, खुन्याचा चेहरा काळा येतोय. उजळून दाखव, मग धर." मी धावत जाऊन आईची मासे विकायची ॲल्युमिनियमची परात आणली, खुन्याच्या हनुवटीखाली धरली आणि तोंडावर ऊन फेकलं. "शी! बांगड्यांचा वास!" खुन्याने भेसूर तोंड केलं. "हाच चेहरा ठेव!" सर ओरडले. परात मैत्रिणीकडे गेली, कॅमेरा माझ्या खांद्यावर आला! संध्याकाळी आई दारातच उभी. "परात कुठं नेलीस गो? उद्या शिवणक्लासात नाव घालायचंय तुझं!" जाळं शिवणारे बाबाही थांबले. "आई, परात उद्याही लागेल. बाबा, शिवण नाही, मी कॅमेराच शिकणार!"