ताटातलं नाव

आपल्या पहिल्या कादंबरीचं शेवटचं प्रूफ तपासून विधवा जानकीबाईंनी टाक खाली ठेवला. छापखान्याचे मालक त्र्यंबकराव त्याचीच वाट पाहत होते. धीर करून त्यांनी पुनर्विवाहाचं विचारलं.

"तुम्ही भले आहात हो. पण माझं मन तुमच्यात नाही, आणि नुसत्या आधारासाठी मी लग्न करायची नाही."

त्र्यंबकरावांनी प्रूफाचे कागद गोळा केले. मग म्हणाले, "पुस्तकावर नाव काय घालू? बायका 'एक भगिनी' असंच घालतात."

"का म्हणून? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'जानकी' लिहिलं, तेव्हा नऊ वर्षांची होते मी. मला कुणी विचारलं? माहेरचं नाव घाला. भिवरा."

"आडनाव?"

"नुसतं भिवरा."

कंपोझिटरला बाजूला करून त्र्यंबकरावांनी स्वतः अक्षरांचे खिळे जुळवले, छापखान्यातले सगळ्यांत मोठे. शाईनं ओला असलेला पहिला कागद त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरला.

"भिवराबाई," त्यांनी हाक मारली.

सासरी आल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. लहानपणी अंगणातून द्यायच्या तशी भिवराबाईंनी खणखणीत ओ दिली.