खंडेनवमीचा नारळ

सातपूरच्या आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, की नारळ त्या त्या सेक्शनचा इनचार्जच वाढवायचा. त्र्याऐंशी साली वाइंडिंग सेक्शनची इनचार्ज मी होते. मी नारळ उचलला, तसे आमचे जुने फिटर खंडेराव आडवे आले. "ताई, बायका नारळ वाढवत नसतात. तुम्ही आपलं हळदकुंकू वाहा."

मी मॅनेजर दातीरसाहेबांकडे पाहिलं. "जाऊ द्या हो ताई, सणासुदीला कशाला वाद?" ते म्हणाले. मग खंडेरावांनीच नारळ वाढवला आणि मी सगळ्यांना खोबरं वाटलं.

दिवाळीनंतर एकदा खंडेराव मशीन चालू ठेवून चहाला गेले आणि मोटर जळाली. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"मुंबईच्या ऑफिसला खुलासा द्यावा लागेल. तुम्ही लिहा," ते मला म्हणाले.

"साहेब, मशीन यांनी चालू ठेवलं होतं."

"असेल. पण सेक्शनचा इनचार्ज कोण आहे, मॅडम?"

या वेळी खंडेराव आडवे आले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.