देवमाशाचा दात

फेरतपासणीचा अर्ज हातात धरून लितिया चटईवर बसली होती. रसायनशास्त्राचा अहवाल तिने महिनाभर खपून लिहिला होता. "नुसता बघते गं," म्हणत चुलतबहिणीने, केलेराने तो मागून नेला आणि उतरवून तिच्याआधी जमा केला. केलेराला ए ग्रेड मिळाली. नकलेचा ठपका आला लितियावर, पदरात जेमतेम सी पडली. आता काका केलेरासह देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला आले होते. तो स्वीकारला की फिजीत विषय कायमचा संपतो. "पोरीचं चुकलं, दादा. तक्रार झाली तर शिष्यवृत्ती जाईल." बाबा नको म्हणतील, अशी लितियाला खात्री होती. "पास तर झालीस ना?" बाबांनी विचारलं आणि उत्तराआधीच दोन्ही हातांनी दात घेतला. रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवायला हात मोकळे हवेत, म्हणून लितियाने अर्ज खाली ठेवला. सगळ्यात मोठी टाळी केलेराची होती.