शर्वाणीचा ट्रेसर

शर्वाणीने लिहिलेला ट्रेसर, म्हणजे बिघाड कोडच्या कुठल्या ओळीत आहे ते शोधणारा प्रोग्रॅम, तिचे साहेब खांबेटे यांनी अखेर कंपनीच्या सर्व्हरच्या गाभ्यात, लिनक्स कर्नेलमध्ये, बसवला. सर्व्हर वरचेवर गोठायचा. त्याचं खापर तिच्या कोडवर फोडून त्यांनीच तिला महिन्यापूर्वी घरी पाठवलं होतं. आता पुरावाही मिळणार होता.

तासाभरात सर्व्हर गोठला आणि ट्रेसरने नेमकी ओळ पकडून दिली. खांबेटेंनी ओळीचा इतिहास उघडला, तर लिहिणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव. त्यांनी ती ओळ गुपचूप सुधारली.

तेवढ्यात, ट्रेसर बसवल्याचं कळून, तिचा फोन आला. "सर, सापडलं का?"

"तुझ्याच कोडमध्ये होतं."

"सॉरी सर. तुम्हाला उगाच मनस्ताप झाला." मग तिने विचारलं, "पण माझा ट्रेसर नीट चालला ना?"

"अगदी बिनचूक," खांबेटे म्हणाले, आणि ट्रेसरच्या फाइलवरचं तिचं नाव खोडून त्यांनी आपलं घातलं.