ठकी कुठं गेलीय?

"ठकी कुठं गेलीय?" त्याने विचारले.

"क्लासला," ती म्हणाली. "येईल संध्याकाळी."

त्याने मान हलवली. खिडकीकडे पाहिले, उशीची कड सारखी केली आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "मी इथं कसा? काय झालंय मला?" तिने सांगितले. मग पुन्हा, "ठकी कुठं गेलीय?"

सकाळपासून हेच चालले होते. तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच सुरात. बोलून झाले की पाटी कोरी.

थंड पाण्याने आंघोळ करून तो बाहेर आला होता आणि टॉवेल हातात धरून आज वार कोणता, असे विचारत सुटला होता. तिने त्याचा चेहरा पाहिला. तोंड वाकडे नव्हते, जीभ अडखळत नव्हती, दोन्ही मुठी घट्ट आवळता येत होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिची निम्मी हयात गेली होती; आधी निरीक्षण, घाबरायचे ते नंतर. घाबरणे मात्र नंतरही आले नाही. अलीकडे ते असेच व्हायचे. गरम भांडे उचलले की बोटावरचा लाल डाग आधी दिसायचा, चटका मागाहून कळायचा.

हॉस्पिटलातली डॉक्टर वयाने लहान, पण नीट बोलणारी होती. अर्धांगवायू नाही, ती म्हणाली. नवीन आठवण तयार होणे काही तासांपुरते थांबले आहे. मागच्या वर्ष-दोन वर्षांचेही सध्या त्यांना सापडत नाही. आजच्या आज बहुधा सगळे जागेवर येईल, खात्रीसाठी एक स्कॅन करू.

"फक्त हे मधले तास त्यांना कधीच आठवणार नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही काय बोललात, ते काय बोलले, काहीच नाही."

मागचे वर्ष. त्याच वर्षात ठकी गेली होती. ताप काय आला आणि चार दिवसांत दोघांची एकोणीस वर्षांची पोर हातची गेली.

सकाळी बाहेरच्या बाकावर त्याने पहिल्यांदा विचारले, तेव्हा तिने खरे तेच सांगितले होते. तो रडला. वर्षभरापूर्वी कोरड्या डोळ्यांनी सगळे उरकणारा हा माणूस गुडघ्यांत डोके घालून रडला. मग डोके वर काढून त्याने गालांवरून हात फिरवला, ते ओले का झालेत, असे तिला विचारले आणि ठकी कुठे गेली म्हणून पुन्हा चौकशी केली.

तेव्हापासून ठकी क्लासला होती.

नणंद धावत आली होती. तिला हे मुळीच रुचले नाही. भावाला कोपऱ्यातल्या खाटेवर सोडून तिने वहिनीला दाराशी ओढले. आजारी माणसाशी इतके धादांत खोटे बोलू नये, शुद्धीवर आल्यावर त्याला काय वाटेल, असे बरेच ऐकवले.

"त्यांना आठवणार नाही," ती म्हणाली.

"पण वहिनी, तुला आठवेल ना."

"मग काय करू? दर दोन मिनिटांनी मारू तिला?"

नणंदेने तिचा हात सोडला. जेवणाचा डबा आणते म्हणून निघून गेली.

स्कॅन लगेच झाला. यंत्रात सरकवतानाही तो तेच विचारत होता. बाहेर काढल्यावर यंत्रावरचा माणूस म्हणाला, झोप काढलीत वाटतं साहेब, खोलीभाडं लावू का? त्यावर तो थोडा हसला.

वॉर्डात परतल्यावर तो बराच वेळ छताकडे पाहत पडून होता. मग म्हणाला, "ठकी कुठं गेलीय?"

"क्लासला."

"कसला क्लास?"

हे सकाळी त्याने विचारले नव्हते. "गाडी शिकतेय," ती म्हणाली.

"जमतंय?"

"कसलं जमतंय. काल शिकवणाऱ्याला घेऊन फुटपाथवर चढली."

तो हसला. मोठ्याने. तीही हसली आणि स्वतःचा आवाज ऐकून दचकली. घरात वर्षभर ठकीचे नाव कुणी काढले नव्हते. तिच्या खोलीला कुलूप त्यानेच घातले होते. तो चष्म्याच्या दुकानात जायचा, लोकांचे डोळे तपासायचा, घरी येऊन आवाज बंद केलेला टीव्ही पाहायचा.

थोड्या वेळाने पुन्हा, "ठकी कुठं गेलीय?" या खेपेला तिने ठकीचे केस कापून आणले. पुढच्या खेपेला बापाच्या नावाने दुकानातून फुकट गॉगल उचलला. तिची उत्तरे लांबत गेली तसे त्याचे प्रश्नही लांबत गेले. केस कापून कशी दिसते? गॉगल कुठला, तो महागडा तर नव्हे? चोर आहे कार्टी, तुझ्यावर गेलीय. अहो, माझ्यावर नाही, नाक बघा तिचं. मध्ये डबा आला, त्यांनी तो वाटून खाल्ला. नर्सने विचारले तेव्हा तेच चालू आहे, असे तिने सांगितले.

ऊन भिंतीवर चढू लागले तशी ती सावध झाली. आता कधीही त्याला आठवेल. तोंड मिटेल, कुलूप लागेल. तिची बोटे पुन्हा बधिर होऊ लागली.

"ठकी कुठं गेलीय?"

"क्लासला. आज उशीर होईल म्हणालीय."

"होऊ दे," तो म्हणाला. "आपण थांबू."

संध्याकाळी डॉक्टर आली. तिने तारीख विचारली, साल विचारले. त्याने दोन्ही बरोबर सांगितले. ते साल ऐकताच बायकोने मान खाली घातली आणि पर्स मांडीवर ओढून घेतली.

"छान," डॉक्टर म्हणाली. "आता सांगा, आजचं काय आठवतंय? काही आठवत नसेल तरी घाबरू नका."

"सकाळचं काही नाही," तो म्हणाला. त्याने बायकोकडे पाहिले नाही, फक्त तिचा हात हातात घेतला. "स्कॅनमधून बाहेर काढलं ना, तिथून पुढचं सगळं."