बाहेरचा बाक

"यिप, पेन ठेवा आणि जरा बाहेर बसा," अर्थसचिव पेनरोझ म्हणाले. "आजचं टिपण मी घेईन."

यिप होक-मिंग उठले. नेहमीप्रमाणे आवाज न करता त्यांनी खुर्ची आत सारली. गव्हर्नर खिडकीतून बंदरातल्या बोटींकडे बघत होते.

पेनरोझ उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. हाँगकाँगच्या तिजोरीवर त्यांच्यामागे कोण, ते आज ठरायचं होतं. पेनरोझ लांबच्या रजेवर विलायतेला गेले की त्यांची खुर्ची यिपच सांभाळत. साहेब परतले की यिप आपल्या छोट्या खोलीत परतत. पक्की नेमणूक मात्र आजवर लंडनहून आलेल्या माणसाचीच झाली होती. आजच्या बैठकीची तयारीही यिपनीच केली होती. कागद मांडले, पाणी ठेवलं, लंडनहून आलेल्या क्रॅडकसाहेबांना रिवाजाप्रमाणे बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

सकाळी कांजी वाढताना बायको म्हणाली होती, "या वेळीही तिकडचाच साहेब आला, तर आपण व्हँकूव्हरला लेकीकडे जायचं. दुसऱ्याच्या खुर्चीची राखण किती दिवस करणार आहात?"

"संध्याकाळी सांगतो," ते म्हणाले होते.

आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. टिपण घेण्यापुरताही आपल्यावर विश्वास राहिला नाही, एवढंच त्यांना कळलं.

मागे दार बंद झालं. यिप तिथेच उभे राहिले. कान आतल्या बोलण्याकडे लागले होते.

चहावाली फोंगताई किटली घेऊन आली. "काय साहेब, तुम्हालाही हाकललं? चहा घ्या. तो तरी कुणी परत मागत नाही." तिने तिपाईवरचा कप भरला आणि क्षणभर थांबली. "आज बोटं घरी विसरलात वाटतं." चहा ओतणाऱ्याचे आभार मानायला तिपाईवर दोन बोटं टेकवायची, तेही यिपना सुचलं नव्हतं. ती हसत पुढे गेली.

क्रॅडक बाकावर थोडे सरकले. "बसा ना, यिप. उभे का?"

"मला बाहेर का काढलं, तेच कळत नाही."

क्रॅडकनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मघाशी मला इथे बसवताना तुम्हीच म्हणालात, ज्यांच्या नावाचा विचार व्हायचा आहे त्यांनी आत थांबायचं नाही. मला वाटलं होतं, मी एकटाच आहे."

यिपनी वळून बंद दाराकडे पाहिलं. मग त्यांनी तिपाईवर दोन बोटं हलकेच टेकवली. फोंगताई केव्हाच जिना उतरून गेली होती.

कप उचलून ते दारापासून दूर, बाकाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. आतलं बोलणं कानावर पडू देणं आता बरं दिसलं नसतं.